नाव तीनदा घ्यायचं असतं

६ नोव्हेंबर, सोमवार

बंदराची नोटीस आली. एक डिसेंबरपासून ज्या बोटीवर ट्रान्सपाँडर नाही, तिला नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांकडे जायला बंदी. आमचं घर त्या जहाजांवर चालतं. भाजी, पाण्याचे कॅन, ग्रीसचे डबे, सुटी संपवून परतणारे खलाशी, जे लागेल ते नेऊन पोचवायचं. तिकडे जायचंच नाही तर बोट काय अंगणात उभी करून तिच्यावर कपडे वाळत घालायचे?

जेवताना बाबांनी नोटीस माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, तू इलेक्ट्रॉनिक्सला होतास ना, तूच बघ कुठलं घ्यायचं ते. ‘होतास’वर जरा जोर होता. मी दुर्लक्ष केलं. कॉलेज मी अर्धवट सोडलेलं नाही. जेवढं लागणार होतं तेवढं घेऊन बाहेर पडलो. लॅबच्या सरांशी झालं ते भांडण नुसतं निमित्त.

बाबांची अट एकच. गेल्या हिवाळ्यात धुक्यात एक जहाज त्यांच्या इतक्या जवळून गेलं की हात लांब केला असता तर हाताला गंज लागला असता. तेव्हापासून धुकं पडलं की ते बोलत नाहीत. म्हणाले, पुन्हा तसलं काही अंगावर आलं तर मला आधी दिसलं पाहिजे, बस्स. म्हटलं, आरशात दिसावं तसं दिसेल, निर्धास्त राहा.

निर्धार : तीन दिवसांत यंत्र निवडायचं. कोणावरही चिडायचं नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

माहिती वाचली. ट्रान्सपाँडर बोटीचं नाव, नंबर, जागा आणि वेग रेडिओवरून आपोआप सांगत राहतो. आजूबाजूच्या जहाजांच्या स्क्रीनवर आपण एक छोटा त्रिकोण होऊन उमटतो.

आणि बंदराच्या टॉवरच्या स्क्रीनवर.

टॉवरच्या!

चहा तसाच राहिला. वर साय धरली.

नोंद राहावी म्हणून लिहितो. टॉवरमधून बंदरातल्या बोटींना सूचना देतात, तिथे ती बसते. तिचं नाव माहीत नाही, म्हणून इथे ‘ती’. रेडिओवर कुठल्याही बोटीला हाक मारायची तर तिचं नाव तीनदा घ्यायचं असतं, तसा नियमच आहे. रोज सकाळी धक्क्यावरच्या आमच्या शेडमधल्या रेडिओ सेटवर ऐकू येतं : थोरली, थोरली, थोरली, इथून हार्बर कंट्रोल. काय तो आवाज! वाटतं, खोकी भरणं सोडून सरळ पाण्यात चालत जावं.

अडचण एवढीच की थोरली म्हणजे माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. तिच्या हट्टामुळे बोट आली, म्हणून बोटीवर तिचं नाव. म्हणजे जिच्यावर माझा जीव जडलाय ती रोज सकाळी माझ्या आत्याला हाका मारते. तेही तीनदा.

९ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेलो. विकणारा माझ्याच वयाचा, पण टाय लावलेला. यापुढे त्याला टायवाला म्हणेन. त्यानं काचेवर तीन डबे मांडले. पहिला नुसता रिसीव्हर. त्यात आपल्याला सगळे दिसतात, आपण कोणालाच दिसत नाही. म्हटलं, हे काम मी वर्षभर फुकट करतोय. टायवाल्याला कळलं नाही. दुसरा क्लास बी, छोट्या बोटींचा. बोट चालत असेल तर अर्ध्या मिनिटानं एकदा आपली जागा कळवणार, उभी असेल तर तीन मिनिटांनी. तिसरा क्लास ए, मोठ्या जहाजांचा. दर काही सेकंदांनी. ताकदही दांडगी.

टायवाला म्हणाला, साहेब, तुमच्या बोटीला बी भरपूर झाला. म्हणजे मी बी! विचारलं, तू आमची बोट बघितलीयस का? म्हणे, बोट नाही बघितली, पण ए घेणारे स्वतः दुकानात येत नसतात. हातातला डबा काचेवर जरा जोरात ठेवला गेला. चरा काचेला पडला, डब्याला नाही. मेक चांगलं दिसतंय.

निर्धार मोडलेला नाही. तो राग नव्हता, टेस्टिंग होतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. क्लास ए. कारण साधं आहे. आमची बोट निम्मा दिवस कुठल्या ना कुठल्या जहाजाला लागून उभी असते. उभ्या बोटीला बी तीन मिनिटांनी एकदा दाखवणार. तीन मिनिटं! तेवढ्यात ती पाणी प्यायला उठली तर? शेजारच्या खुर्चीत तो दुसरा ऑपरेटर असतो, ज्याच्या घशात कायम वाळू भरलेली असते (यापुढे : घोगऱ्या). तेवढ्यात त्यानं एखादा विनोद केला तर? तीन मिनिटांत लोकांची लग्नं मोडतात.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, बॅटरी किती खातं? म्हटलं, विशेष नाही. मग मॅन्युअल उघडून दाखवावं लागलं. बाबा ओळीवर बोट ठेवून वाचत गेले आणि म्हणाले, एवढं खाल्ल्यावर संध्याकाळी इंजिन काय फुंकर मारून चालू करू? वर म्हणाले, मला जहाज दिसायला हवंय, जहाजाला मी एवढा कशाला दिसायला हवा, मी काय नवरदेव आहे?

मी उठून बाहेर गेलो. चिडून नाही. हवा खायला.

१३ नोव्हेंबर, सोमवार

चौकशीच्या निमित्तानं बंदराच्या ऑफिसात गेलो. शर्टला इस्त्री. टॉवरच्या पायऱ्यांखाली स्कूटर लावली आणि सहज उभा राहिलो. दीड तास सहजच उभा होतो.

ती खाली आली! हातात हेल्मेट. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ही स्कूटर तुमची का? जरा बाजूला घ्या ना, माझी निघत नाहीये.

तुमची. ‘तुझी’ नाही. ‘कोणाची’सुद्धा नाही. बाजूला घ्या. घ्या ना. त्या ‘ना’ची काही गरज होती का? नव्हती. तरी घातला.

मी स्कूटर इतकी बाजूला घेतली की ती नाल्याच्या कडेवर गेली. नंतर एकट्यानं ओढून काढावी लागली. इस्त्री गेली. पण दिवस सार्थकी लागला.

निर्धार : पुढच्या भेटीत एक तरी पूर्ण वाक्य बोलायचं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवसांत निवडायचं होतं, बारा दिवस झाले. चूक माझी नाही. विषय खोल आहे.

आज आत्या आली. आली की आधी पंखा लावते, मग माणसांना कामाला लावते. म्हणाली, काय ते तुझं ए, बी, सी, डी चाललंय? एक काय ते घेऊन टाक, नाहीतर मी जाते दुकानात आणि त्यालाच विचारते की माझ्या भाच्याला झेपेल असं काय आहे. बाबा हसले. आई वाट्या पुसत होती, तीसुद्धा हसली. मी स्कूटर काढली आणि सरळ बी घेऊन आलो. दबावाखाली नाही. मला पटलं म्हणून. चालत्या बोटीला अर्धं मिनिट म्हणजे काही फार नाही. शिवाय सारखं सारखं समोर असलं की माणसाची किंमत राहत नाही.

दुकानात एक नवीनच गोष्ट कळली. यंत्रात बोटीचा नऊ आकडी नंबर आणि नाव भरून द्यावं लागतं. एकदा भरलं की लॉक. मग फक्त कंपनीच उघडू शकते. आणि टॉवरला जे नाव स्क्रीनवर दिसतं त्याच नावानं हाक मारावी लागते. टायवाल्यानं विचारलं, नाव काय टाकू? मी तोंड उघडलं आणि थांबलो. म्हटलं, कळवतो. तो म्हणाला, साहेब, बोटीचं नाव अजून ठरायचंय?

होय, टायवाल्या. अजून ठरायचंय.

२० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर खोकी भरता भरता एकच विचार. जे नाव भरू ते तिला म्हणावंच लागेल. तीनदा. नियमच आहे.

‘प्राणनाथ’ : अर्थ उघड. शिवाय तिच्या सुटीच्या दिवशी घोगऱ्या म्हणणार. नको.

‘राजा’ : या नावाचा एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, आधीच आहे. काळाकुट्ट, धूर ओकणारा. नको.

‘सखा’ : इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर कोणी साखा वाचेल, कोणी शाखा. बँक वाटेल.

दुपारी आई आतून बाबांना म्हणाली, अहो, ऐकलं का, गॅस संपलाय.

हातातला कॅन खाली पडला. झाकण उडालं. शेडभर पाणी.

अहो!

तीन अक्षरं, ए एच ओ. कोणी वाचायला चुकणार नाही. कोणाला संशय येणार नाही. तिला स्वतःला कळणारही नाही, आणि रोज सकाळी तिच्या तोंडून येईल : अहो, अहो, अहो. बोलता बोलता सवय लागेल. लोकांचं असंच होतं. आधी सवय लागते, मग उरलेलं सगळं आपोआप.

मला वाटतं, आजवर माझ्या डोक्याचा कोणी नीट उपयोगच करून घेतला नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

टायवाल्याकडून नाव भरून घेतलं. त्यानं विचारलं, बोटीवर रंगवलंय तेच ना हे? म्हटलं, बोट माझी आहे. (बाबांची म्हणजे माझीच.) त्यानं बटण दाबलं. लॉक.

आजूबाजूची जहाजं फोनवर दिसतात. ते ॲप त्यानं माझ्या फोनमध्ये घालून दिलं. फार छान दिसतं. निळ्या पाण्यावर सगळे त्रिकोण. एक माझा.

२६ नोव्हेंबर, रविवार

यंत्र बसवलं. सगळं एकट्यानं. अँटेना आधी पत्र्याच्या छपराखाली लावली, तेव्हा यंत्राला आपण कुठे आहोत तेच कळेना. मलाही बरेचदा तसंच होतं, त्यामुळे राग आला नाही. मग छपरावर चढून लावली. गुडघा सोलला.

बाबांनी फिरून पाहिलं. विचारलं, नाव नीट भरलंस ना? म्हटलं, अगदी विचार करून भरलंय. मग विचारलं, आणि जहाजं मला कुठे दिसणार? बाबांचा फोन बटणांचा. त्यात ॲप चालत नाही. म्हटलं, सुकाणूच्या चाकासमोर एक स्क्रीन बसवून देतो, दोन दिवसांत. बाबा म्हणाले, धुकं पडायच्या आत बघ. पाठीवर थाप मारली. बऱ्याच दिवसांनी.

नावाचं त्यांना योग्य वेळी सांगीन. आधी तिनं एकदा म्हणू दे.

२९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

बोट धक्क्याला. मी एकटाच वर. यंत्र सुरू केलं, हिरवा दिवा लागला. रेडिओजवळ बसलो. केस नीट केले. रेडिओवर दिसत नाहीत, पण आवाजात फरक पडतो.

दहाच मिनिटांत हाक आली.

घोगऱ्या!

अहो, अहो, अहो, इथून हार्बर कंट्रोल.

ते शब्द पहिल्यांदा ऐकावेत, आणि त्या घशातून! अंगावर पाल पडावी तसं झालं. म्हटलं, बोला. तो म्हणाला, नवीन दिसताय. हे नाव आहे की हाक? म्हटलं, नाव. मग म्हणाला, बरं बरं, अहो. आणि मागे कोणीतरी खो खो हसलं. बाईचा आवाज नव्हता. बहुतेक.

स्क्रीन आणायला आज जाणार होतो. मूड गेला.

१ डिसेंबर, शुक्रवार

नियम लागू. थोरली रीतसर गेली आणि आली. हवा स्वच्छ, शिवाय आता बोटी स्क्रीनवरच दिसतात, त्यामुळे टॉवरनं कोणाला रोजची हाक मारायची गरजच पडली नाही. मी शेडमध्ये फोन पुढ्यात ठेवून दिवसभर आमचा त्रिकोण पाहत होतो. तीही पाहत असणार. एकाच त्रिकोणाकडे दोघं. असं किती जोडप्यांच्या नशिबी येतं?

बाबांनी स्क्रीनचं विचारलं. सोमवारी नक्की.

४ डिसेंबर, सोमवार, दुपार

घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी धुकं. शेडच्या दारातून धक्का दिसत नव्हता. बाबा पाण्याचे कॅन घेऊन त्याआधीच निघाले होते. मी शेडमध्ये. फोन माझ्या खिशात.

आठच्या सुमाराला सेटवर ती. अहो, अहो, अहो, इथून हार्बर कंट्रोल.

मी डोळे मिटले. लिहायला लाज वाटते, पण मिटले. हुबेहूब तसंच. जसं मनात ऐकलं होतं तसंच.

मग तिच्याच आवाजात पुढचं : मोठं जहाज तुमच्या दिशेनं येतंय, ताबडतोब उजवीकडे वळा.

बाबांचं उत्तर नाही. कसं येणार? त्यांना माहीतच नाही की ते अहो आहेत.

उत्तर दुसऱ्यांनी दिलं. जहाजांना वाट दाखवणारी पायलट बोट म्हणाली, बोला मॅडम. गाळ काढणारे म्हणाले, बोला. राजा टग म्हणाला, कोणाला म्हणताय, आम्हाला का? ती म्हणाली, तुम्ही नाही, अहो! टग म्हणाला, अहो पण कोण? ती म्हणाली, अहोच! अहो, अहो, अहो! पायलट बोट म्हणाली, मॅडम, आम्ही तर उभेच आहोत, वळू कुठे? तीन-तीन माणसं एकदम बोलायला लागली. कोणाचंच धड ऐकू येईना.

मी फोन काढला. आमचा छोटा त्रिकोण. त्याच्याकडे येणारा मोठा. आणि आमचा तर अर्ध्या मिनिटापूर्वीचा. आत्ता कुठे असेल ते फोनलाही माहीत नाही. क्लास ए हवा होता, असंही एकदा मनात येऊन गेलं. मी कसला माणूस आहे!

माइकचं बटण दाबलं तर वर दुसऱ्यांचीच बडबड. पुन्हा दाबलं. ओरडलो, बाबा, अहो म्हणजे तुम्ही! तेवढ्यात तिचा आवाज, एकदम बारीक झालेला : कोण बोलतंय? कृपया चॅनल मोकळा ठेवा. मी दम घेतला आणि जे लहानपणापासून तोंडात आहे ते ओरडलो : थोरली, थोरली, थोरली! उजवीकडे! उजवीकडे!

जहाजाचा भोंगा. लांबलचक.

फोनवर दोन्ही त्रिकोण एकावर एक बसले. मी खोक्यावर बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग बाबांचा आवाज, नेहमीसारखाच : थोरली बोलतोय. वळलोय. काळा पत्रा शेजारून गेला. कॅन सगळे पाण्यात. मी ठीक.

मग तिचा खूप मोठा श्वास ऐकू आला. तोही चॅनलवर सगळ्यांना.

तात्पर्य : बाबांना मी वाचवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बाबांचं मनगट सुजलंय. चाक फिरवताना. आई त्यावर शेक देत होती. मी म्हटलं, माझ्या आवाजाला वळलात ना? बाबा म्हणाले, तुझ्या कसल्या, ताईच्या नावाला वळलो. मग म्हणाले, तू म्हणाला होतास, आरशासारखं दिसेल.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

५ डिसेंबर, मंगळवार

बंदराच्या ऑफिसात बोलावणं. साहेब, बाबा, मी, आणि आत्या, कारण तिला घरी ठेवण्याची कोणाची छाती नाही. आणि ती. टेबलाच्या पलीकडे. डोळे लाल. रात्रभर झोपली नसावी.

तिनं बाबांना विचारलं, काका, असं नाव कोणी ठेवलं? मला वाटलं चेष्टा आहे, तरी मी हाका मारत राहिले, तुम्ही काही बोलेचनात. मला वाटलं तुम्ही गेलात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही. मी पूर्ण वाक्य तयार ठेवलं होतं. ते असं होतं : तांत्रिक कारणांमुळे. त्यातला ‘तां’ निघाला.

आत्याला सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. बाहेर पायऱ्यांवर म्हणाली, माझं नाव पुसून स्वतःला नवरा करून घेत होतास होय रे? अरे मुलखाच्या शहाण्या, मला सांगायचं होतंस. साडी नेसून मी गेले असते विचारायला. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

हे मला सुचलंच नव्हतं.

६ डिसेंबर, बुधवार

टायवाल्याकडे गेलो. लॉक उघडायला कंपनीला कळवलंय, वेळ लागेल. तोवर बोट बंद राहू नये म्हणून टॉवरनं सोय केली आहे : नावाऐवजी नऊ आकडी नंबरानं हाक. चाकासमोर स्क्रीन बसवल्याशिवाय परवानगी नव्हती. बसवला. तास लागला, फार तर. टायवाल्याच्या दुकानातली काच नवीन होती.

८ डिसेंबर, शुक्रवार

बाबांच्या मनगटाला पट्टी, म्हणून आता मीही बोटीवर. खोकी चढवणं, दोर फेकणं. बाबा स्क्रीनकडे पाहत चालवतात. जहाजं दिसतात. बोलत नाहीत, पण धुक्यात बोलत नसत तसं ते गप्प बसणं नाही. वेगळं आहे.

सकाळी हाक आली. ती होती. नऊ आकडे. एकेक सुटा, स्वच्छ, कुठेही न अडखळता. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. तीनदा. नियमच आहे.

बाबांचे दोन्ही हात चाकावर. मी माइक उचलला. म्हटलं, बोला.

खरखर.

मग ती म्हणाली, तुम्ही नको. काकांना द्या.

दिला.

पण ‘तुम्ही’ म्हणाली.